क्विरिनची तबकडी आणि बारा मिनिटं

रविवारची प्रार्थना संपली की आमचं निडरकिर्शबाख गाव चर्चमधून निघून थेट समोरच्या खानावळीत शिरतं. धर्मगुरू वेदीवरच्या मेणबत्त्या विझवत असतात, तोवर पहिल्या बिअरचा फेस टेबलावर आलेला असतो. गेल्या ऑक्टोबरातल्या एका रविवारी मात्र खानावळवाला दारात हात बांधून एकटाच उभा होता. सगळं गाव शेजारच्या इतिहास मंडळाच्या खोलीत घुसलं होतं आणि एका काळ्या पेटीकडे डोळे लावून बसलं होतं.

चाळीसएक माणसं असतील. कुणी खोकत नव्हतं. प्रार्थनेच्या वेळी ज्यांना हमखास खोकल्याची उबळ येते तेसुद्धा गप्प होते. पेटी म्हणजे मंडळाचा नवा कॉम्प्युटर. तीन आठवडे तो काही केल्या सुरू होत नव्हता. पेटीखाली ताटलीएवढी तांब्याची तबकडी ठेवली होती, आणि तीन पावलांवर हेर, म्हणजे आमच्याकडचे श्रीयुत, लोथार क्विरिन डोळे मिटून उभे होते. हातांत पितळेच्या दोन वाकवलेल्या काड्या, अंगात तागाचा पांढरा सदरा, पायांत काहीच नाही. आमच्याकडे ऑक्टोबरात अनवाणी फिरणारा माणूस एक तर संत असतो, नाहीतर त्याला काहीतरी विकायचं असतं.

"लहर वळतेय," ते पुटपुटले. "कुणी हलू नका. यंत्राला हात लावू नका. भूमीला बारा मिनिटं लागतात."

पेटीतले पंखे घुं घुं फिरत होते. पडदा काळाठिक्कर. पाच मिनिटं झाली, आठ झाली. दहाव्या मिनिटाला पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली आणि खोलीभर एक लांब श्वास सुटला. म्हाताऱ्या बेकरीवाल्यानं छातीवर क्रूस काढला. मंडळाची चिटणीस त्सेन्झी हुंदके देऊ लागली. हेर क्विरिननी काड्या खाली केल्या आणि कपाळावरचा घाम पुसला. घाम नव्हता, पण पुसला.

मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते. माझं नाव रोस्विता, गावातलं औषधांचं दुकान एकतीस वर्षं मी चालवते. माझ्या मनात आलं, दहा मिनिटं हे गाव तोंड मिटून बसलं, चमत्कार म्हणायचा तर तो एवढाच.

आता हा कॉम्प्युटर आला कुठून ते सांगते. मंडळाकडे काचेवर घेतलेले जुने फोटो आहेत, चार हजारांवर. काचा तडकायला लागल्या, म्हणून त्या स्कॅन करून ठेवायच्या असं ठरलं. त्यासाठी दांडगा कॉम्प्युटर हवा. दुकानातून तयार घ्यावा असं कुणीतरी म्हणालं, तर मंडळाचा अध्यक्ष आलोइस हिंटरहोल्झर लालबुंद झाला. आलोइसनं अडतीस वर्षं बस चालवली, आणि वाटेत बंद पडलेली बस त्यानं स्वतःच्या हातानं कितीदा सुरू केली याची गोष्ट आम्ही सर्वांनी शंभरदा ऐकली आहे. तो म्हणाला, तयार यंत्र म्हणजे कचरा, सुटे भाग आणा, मी जोडतो.

आणि त्यानं जोडलाही, नीटनेटका. वायरी अशा बांधल्या होत्या की बघत राहावं. मग सगळ्या मंडळासमोर बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळाच. आलोइसनं घड्याळ बघितलं, एक मिनिट झालं आणि त्यानं वीज बंद केली.

"बस मिनिटभरात सुरू झाली नाही, तर ती होत नसते," तो म्हणाला. "उगाच किल्ली फिरवत बसणारा ड्रायव्हर इंजिन घालवतो."

रॅम काढली, पुन्हा बसवली. बटण, एक मिनिट, बंद. सगळ्या वायरी उपटून परत खोचल्या. बटण, एक मिनिट, बंद. पडदा बदलला, वायर बदलली. जो येईल त्यानं सल्ला दिला, आणि ज्याच्या घरात टीव्हीचा रिमोटसुद्धा नातवंडं चालवतात त्यानं सर्वांत जास्त दिला. तीन आठवडे हे चाललं होतं. शेवटी त्सेन्झी म्हणाली की तिच्या बहिणीच्या गोठ्यातल्या गाईला दूध येत नव्हतं, हेर क्विरिननी काड्या फिरवल्या, गाय हलवून दुसऱ्या खुंटाला बांधली आणि महिन्याभरात दूध आलं. मी विचारलं, मधल्या महिन्यात गाय व्यायली का? ती म्हणाली, हो, पण त्याचा इथं काय संबंध.

तर हेर क्विरिन आले. पूर्वी ते व्हॅक्यूम क्लीनर विकायचे, आता भूमीच्या लहरी शोधतात. खोलीत चार फेऱ्या मारल्यावर काड्या एकमेकींवर आडव्या झाल्या.

"तीन जलशिरा," ते म्हणाले. "बरोबर या टेबलाखाली छेदतायत. आणि तिन्ही डाव्या अंगानं फिरणाऱ्या. उजवी लहर जीव देते, डावी ओढून घेते. बिचारं यंत्र उठायला बघतंय आणि खालून कुणीतरी त्याचे पाय ओढतंय."

"खाली पाणी आहे हे तुम्हाला काड्यांनी सांगितलं?" मी विचारलं.

"काड्या खोटं बोलत नाहीत, बाई."

"नदी दोनशे पावलांवर आहे. या गावात कुठंही चार मीटर खणा, पाणीच लागतं."

ते माझ्याकडे बघून कनवाळूपणे हसले. "औषधवाल्या बाईंना खोलातलं पाणी दिसतं, लहर दिसत नाही. गोळ्या मोजून मोजून माणसाचा सूक्ष्म देह बधिर होतो."

सगळे हसले. त्यानंतर तबकडी आली, बारा मिनिटं आली, आणि त्या रविवारचा चमत्कार घडला.

पण गंमत पुढेच आहे. मंगळवारी मंडळाची माणसं फोटो स्कॅन करायला जमली, तर पडदा पुन्हा काळा. हेर क्विरिनना फोन केला. ते म्हणाले, साहजिक आहे, शिरा रात्री पुन्हा डोकं वर काढतात, तबकडी रोज जागवावी लागते. तीनदा उजवीकडे फिरवा, मागे सरा, बारा मिनिटं मौन. आलोइसनं तसं केलं आणि कॉम्प्युटर सुरू झाला. गुरुवारी पुन्हा तेच. दर वेळी पडद्यावर पहिल्यांदा एक सूचना यायची आणि कोपऱ्यात तारीख दिसायची, पहिली जानेवारी. मंगळवारी पहिली जानेवारी, गुरुवारीही पहिली जानेवारी. याचंही उत्तर हेर क्विरिनकडे तयार होतं.

"डावी शीर काळ गिळते," ते म्हणाले. "यंत्र रोज नव्यानं जन्म घेतं. तुम्ही जन्म बघताय, भाग्यवान आहात."

झालं, सगळं गाव वेडावलं. दोनशे चाळीस युरोला एक तबकडी. बेकरीवाल्यानं भट्टीखाली ठेवली, शाळेच्या शिपायानं बॉयलरवर. एकानं कारच्या सीटखाली ठेवली आणि पेट्रोल कमी लागतं म्हणून सांगत सुटला. मी दुकानात बसून हे सगळं ऐकत होते आणि मनातल्या मनात खिल्ली उडवत होते. भाबडेपणावर हसणं फार सोपं असतं, आणि मला ते आवडतंही, कबूल करते. मग नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझं हसू आटलं.

आलोइसची थोरली बहीण ओटिली माझ्याबरोबर शाळेत एका बाकावर बसायची. काचेवरचे ते सगळे फोटो तिनंच सांभाळलेत, हातमोजे घालून आणि चिमट्यानं. तिच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, म्हणून तिला रक्त पातळ ठेवणारी गोळी सकाळ-संध्याकाळ घ्यावी लागते. ती चुकवली तर हृदयात गुठळी होऊन मेंदूत जायची भीती असते. ओटिलीइतकं शिस्तीचं गिऱ्हाईक माझ्याकडे दुसरं नाही, पाकीट संपायच्या आधी चार दिवस दारात हजर. या वेळी पाकीट संपून अकरा दिवस झाले तरी ती आली नव्हती.

दुकान मदतनिसावर सोपवून मी तिच्या घरी गेले. तिनं सफरचंदाचा केक पुढे ठेवला आणि स्वतःच विषय काढला.

"मला ठाऊक आहे तू कशाला आलीस. गोळी बंद केलीय मी."

"डॉक्टरांनी सांगितलं?"

"डॉक्टर फोनवर ओरडतो. तीनदा ओरडला, मग मी त्याचा फोन उचलणंच बंद केलं. हेर क्विरिन ओरडत नाहीत. ते इथं आले, माझ्या पलंगाखालून तीच शीर जाते म्हणाले, मंडळाच्या खोलीतली. त्याच शिरेनं ठोके चुकतात. आता तबकडी गादीखाली आहे. गोळीनं म्हणे लहरीला अडथळा होतो."

"आणि तू ऐकलंस."

"रोस्विता, मी काही खुळी नाही. कुणी नुसतं सांगितलं असतं तर हाकलून दिलं असतं. पण मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. यंत्र मेलेलं होतं. आलोइसनं तीन आठवडे जीव काढला, काही झालं नाही. तबकडी ठेवली आणि ते उठलं. यंत्राला कुणी पढवत नाही, त्याला भाबडेपणा नसतो. लोखंड ऐकतंय, तर माझं काळीज का नाही ऐकणार?"

मला राग आला, आणि भीती त्याहून जास्त वाटली. याच घरात, याच पलंगावर तिची आई डावी बाजू लुळी पडून दोन वर्षं होती. ओटिली आणि आलोइसनं आळीपाळीनं तिला भरवलं होतं. आजपासून मनातल्या मनात मी त्या माणसाला अहोजाहो करणार नाही, असं मी तिथंच ठरवलं. गाईला इकडून तिकडे बांधणारा भोंदू, त्यानं माझ्या मैत्रिणीची गोळी बंद केली होती.

गुठळी कशी होते ते मी तिला चित्र काढून सांगितलं. तिनं मान डोलावली आणि केकचा आणखी एक तुकडा वाढला. तिचा पुरावा कॉम्प्युटर होता. तो खोटा पडल्याशिवाय तिच्या पोटात गोळी जाणार नव्हती.

"पैज लाव," मी म्हटलं. "तबकडी खरी ठरली तर मीही एक घेऊन दुकानाच्या दारात टांगेन, सगळ्या गावादेखत. खोटी ठरली तर तू गोळी घ्यायचीस, तिथल्या तिथं."

"मान्य. पण आलोइसला गोळीचं कळता कामा नये. आईच्या आठवणीनं तो वेडा होईल."

"गिऱ्हाइकाचं औषध मी कुणाला सांगत नाही. कायदाच आहे तसा," मी म्हटलं.

तिथून तडक मंडळाच्या खोलीत गेले. आलोइस नुकताच बारा मिनिटं उरकून बसला होता. मी म्हटलं, तुझ्या कॉम्प्युटरवर मला एक प्रयोग करू दे, आत्ताच्या आत्ता. तो म्हणाला, तसं करता येत नाही. मंडळाच्या मालमत्तेवर प्रयोग करायचा तर सभेचा ठराव लागतो, आणि सभेत विषय यायचा तर तीन दिवस आधी लेखी अर्ज लागतो. वार्षिक सभा रविवारी आहे. आज गुरुवार, नशीब समज.

आमच्या गावात घराला आग लागली तरी अग्निशमन मंडळ आधी कार्यक्रमपत्रिका बघेल, असं मी त्याला सुनावलं. त्यानं शांतपणे अर्जाचा कागद पुढे केला. मी लिहिलं, विषय: इतर.

"निदान मॅन्युअल तरी दाखव," मी म्हटलं.

त्यानं खोक्यातून एक पुस्तिका काढली. ती अजून प्लॅस्टिकच्या वेष्टणात बंद होती.

"ज्याला येत नाही त्याच्यासाठी असतं ते," आलोइस म्हणाला.

मी वेष्टण फाडलं. एकतीस वर्षं मी औषधाच्या डबीतले बारीक अक्षरांचे कागद वाचते आहे. जगातली निम्मी दुखणी त्या न वाचलेल्या कागदांवर आधीच लिहिलेली असतात, असं माझं मत आहे. अठराव्या पानावर चौकटीत चार ओळी होत्या. त्या वाचल्या, पुन्हा वाचल्या, मग पुस्तिका पिशवीत टाकली. जाता जाता आलोइसनं नेहमीप्रमाणे एक्स्टेंशन बोर्डाचं लाल बटण बंद केलं. त्याच्यावर भिंतीला मंडळाची पाटी आहे: शेवटी जाणाऱ्यानं वीज मुळापासून बंद करावी, ठराव क्रमांक सात. आमच्याकडे कुणी खून एक वेळ विसरेल, पण हे बटण विसरणार नाही. टीव्हीचा तो इवलासा दिवासुद्धा रात्रभर जळू देत नाहीत, पाप लागतं जणू.

त्या पाटीकडे बघताना मला पहिली जानेवारी आठवली. दुकानात महिन्यातून एकदा तरी कुणीतरी साखर मोजायचं नवं यंत्र परत आणून काउंटरवर आपटतं. मेलंय म्हणतं, नाहीतर रोज तारीख विसरतं म्हणून सांगतं. मी झाकण उघडते, आणि हसू दाबून त्यांचं यंत्र त्यांना परत देते. काय करते ते रविवारी सांगायचं ठरवलं.

ते तीन दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. सकाळ-संध्याकाळ ओटिलीला फोन करायचे, हवापाण्याच्या गप्पा मारायचे आणि ती शब्द अडखळते का ते ऐकायचे.

रविवारी सभेला सत्तर माणसं आली. हिशेब, अहवाल, आभार असं सगळं सावकाश पार पडलं. क्विरिनला मंडळाचं मानद सदस्यत्व द्यायचा विषय होता, म्हणून तोही होता, पहिल्या रांगेत, अनवाणी. शेवटी आलोइसनं वाचलं, "इतर."

मी उभी राहिले. "माझं म्हणणं साधं आहे. आपण दर वेळी दोन गोष्टी एकदम करतो. तबकडी ठेवतो आणि बारा मिनिटं थांबतो. मग गुण कुणाचा? मी खरं औषध आणि नुसत्या साखरेची खोटी गोळी एकाच पेशंटला एकदम दिली, तर कोणती लागू पडली ते मला तरी कसं कळणार? आज एकेक करून बघू."

क्विरिन हसला. "बाई, पवित्र गोष्टीचे तुकडे करून..."

"तुकडे नाही करत. तुमची तबकडी अख्खीच ठेवते," मी म्हटलं. "घाबरता का?"

आता नाही म्हणायची सोय नव्हती. हात वर झाले आणि ठराव मंजूर झाला.

पहिल्यांदा तबकडी क्विरिननं स्वतः ठेवली, तीनदा फिरवली, डोळे मिटून काय पुटपुटायचं ते पुटपुटला. आलोइसनं बटण दाबलं. एक मिनिट झालं आणि मी म्हटलं, बंद कर, पहिले तीन आठवडे करायचास तसा. पडदा काळाच होता. तीनदा केलं, तिन्ही वेळा काळा.

"बारा मिनिटं कुठं दिलीत?" क्विरिन म्हणाला.

"बरोबर. आता बारा मिनिटं देते, तबकडी देत नाही."

तबकडी मी ओटिलीच्या हातात दिली. ती बाहेर जाऊन तिच्या सायकलच्या टोपलीत ठेवून आली. पेटीखाली मी खानावळीतून आणलेला बिअरच्या ग्लासाखालचा पुठ्ठा सरकवला. आलोइसनं बटण दाबलं.

"मौन पाळायचं का?" त्सेन्झीनं विचारलं.

"अजिबात नाही. गप्पा मारा. लेबरकेसचे, भाजलेल्या मांसाचा काप घातलेले पाव येतायत, खा."

लोकांनी पाव खाल्ले, पण नजर पडद्यावरून हलेना. क्विरिन शेजाऱ्यांना सांगत होता की आज काही व्हायचं नाही, शिरा चवताळल्या आहेत, त्याच्या पायांना मुंग्या येतायत. नोव्हेंबरात थंडगार फरशीवर अनवाणी उभं राहिल्यावर त्या कुणालाही येतील. नववं मिनिट संपताना पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. खाली बिअरचा पुठ्ठा होता, वर मंडळाचा कॉम्प्युटर.

खोलीत चुळबुळ सुरू झाली. बेकरीवाला तोंडात घास तसाच धरून बघत होता.

"तबकडीचा प्रभाव जागेवर रेंगाळतो," क्विरिन म्हणाला, आवाज जराही कापू न देता. "महिनाभर ठेवली होती ना इथं."

"मग रोज जागवायला का लागते?" हा प्रश्न मी नाही, बेकरीवाल्यानं घास गिळून विचारला.

"आता आलोइस," मी पुस्तिका त्याच्या हातात दिली, "अठरावं पान. मोठ्यानं."

आलोइसनं चष्मा लावला. "रॅम नवीन बसवल्यावर यंत्र पहिल्या वेळी तिची जुळणी तपासतं. या काळात पडदा काळा राहतो. याला पंधरा मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो." तो थांबला. "वीज बंद करू नका. केल्यास तपासणी पहिल्यापासून सुरू होते."

अडतीस वर्षं एकही थांबा न चुकवलेला माणूस हातातल्या पुस्तिकेकडे बघत राहिला. कुणी हसलं नाही, मीसुद्धा.

"म्हणजे मीच दर वेळी..."

"तूच. ते जागं व्हायला आठ मिनिटं उरायची आणि तू त्याला झोपवायचास. मग हे गृहस्थ आले आणि म्हणाले, हात लावू नका. त्यांना यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. त्यांचा धंदाच थांबण्यावर चालतो. गाय व्यायची असते, सर्दी उतरायची असते. हे मध्ये येऊन तबकडी ठेवतात आणि आपोआप होणारं ते आपल्या नावावर लावतात."

"पण मग रोज का?" त्सेन्झी म्हणाली. "ते तर पहिल्या वेळचं झालं ना?"

"वीज बंद कर आणि पेटी उघड," मी आलोइसला म्हटलं. "नाण्याएवढी बॅटरी दिसते? वीज नसताना यंत्राला तारीख आणि ती जुळणी लक्षात ठेवायला तिचाच आधार असतो. ओटिली, तुझा चिमटा आण. बॅटरीच्या कडेला काही दिसतं का बघ."

ओटिली वाकली. काचेवरचा धुळीचा कण टिपणारे ते डोळे. "एक पारदर्शक पट्टी आहे. जिभेसारखी बाहेर आलीय."

"ओढ."

तिनं चिमट्यानं धरून ती ओढून काढली. बोटाच्या पेरापेक्षा लहान प्लॅस्टिकचा तुकडा. नव्या बॅटरीची वीज वाया जाऊ नये म्हणून तो मध्ये घातलेला असतो आणि वापरण्याआधी काढायचा असतो. साखर मोजायच्या यंत्रांतून असे शेकड्यांनी मी काढलेत. बॅटरी जोडलेलीच नव्हती. दिवसा भिंतीतली वीज होती तोवर यंत्राला सगळं आठवायचं. ठराव क्रमांक सातप्रमाणे रात्री लाल बटण बंद झालं की ते सगळं विसरून पहिल्या जानेवारीला जाऊन बसायचं. काळ गिळणारी डावी शीर ती हीच.

शेवटची एकदा वाट बघितली. कॉम्प्युटर सुरू झाला, आलोइसनं तारीख घातली. मग लाल बटण बंद केलं आणि माझ्या सांगण्यावरून पाच मिनिटं तसंच ठेवलं. पुन्हा वीज, पुन्हा बटण. पेटीखाली तबकडी नव्हती, पुठ्ठाही नव्हता. लोक आकडे मोजत होते. बाविसाव्या आकड्याला पडदा उजळला, कोपऱ्यात आजची तारीख घेऊन.

क्विरिन उठला. "माझं इथलं काम झालं," तो म्हणाला. "शीर मुक्त झाली आहे. सर्वांनी अनुभवलं." आणि दाराकडे निघाला. त्या माणसाच्या धैर्याचं मला खरोखर कौतुक वाटलं, एवढं तोंड मला असतं तर मी आज मंत्री असते.

"थांबा," ओटिली म्हणाली. ती क्वचितच मोठ्यानं बोलते, त्यामुळे सगळे वळले. "तुमच्या सांगण्यावरून मी पंधरा दिवस हृदयाची गोळी घेतलेली नाही. माझ्या गादीखालची तबकडीही काम झालं म्हणून घेऊन जाणार का?"

आलोइस टेबलाआडून पुढे आला. "ओटिली? काय बोलतेस तू?"

"तू कॉम्प्युटर उठवलास ना रोज, तीनदा फिरवून," ती म्हणाली. "मी तुझ्यावर विश्वास ठेवला रे. याच्यावर कुठं ठेवला होता."

अनवाणी पाय एव्हाना पायऱ्या उतरून गेले होते. त्याच्यामागे कुणी धावलं नाही. आलोइस खुर्चीवर बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. मी पिशवीतून पाकीट काढलं, तीन दिवस ते माझ्यापाशीच होतं, आणि गोळी ओटिलीच्या तळहातावर ठेवली. तिनं ती कुणाच्या तरी ग्लासातल्या सफरचंदाच्या रसाबरोबर घेतली.

"आता किती मिनिटं थांबायचं?" तिनं विचारलं.

"मिनिटं नाहीत. रोज, दोनदा, जन्मभर. आणि उद्या सकाळी मी तुला डॉक्टरकडे घेऊन जाणार आहे. तो ओरडला तर मी त्याच्यावर ओरडेन."

आलोइस उठला आणि तिच्या शेजारी येऊन बसला. मंडळाची सभा त्या दिवशी समारोपाच्या ठरावाशिवायच संपली.

ओटिली वाचली. यात माझी हुशारी थोडी, नशीब फार. त्या पंधरा दिवसांत एक गुठळी सुटली असती, तर अठराव्या पानाचा कुणाला काही उपयोग नव्हता. म्हणून माझी विनंती आहे, आणि ती शहाण्यासुरत्यांनाच आहे, कारण फसतात ते बहुतेक वेळा तेच, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं म्हणून. कुणी चमत्कार दाखवला तर त्याच्याशी वाद घालत बसू नका. तबकडी बाजूला काढा आणि तेवढाच वेळ थांबून बघा. गाय तरीही दूध देते का, पडदा तरीही उजळतो का, ते बघा. बघू न देणारा माणूस काय लपवतोय ते तुम्हाला लगेच कळेल. आणि डबीतला कागद वाचा.

क्विरिन आता नदीपलीकडच्या गावात असतो. तिथल्या नव्या इमारतीतली लिफ्ट मध्येच अडकते, असं ऐकलं. आलोइस काल बसनं तिकडे गेला. जाताना त्यानं माझ्याकडून भिंग नेलं, लिफ्टचं मॅन्युअल फार बारीक अक्षरांत आहे म्हणाला.